जुनी ब्रँडेड बॅग घेण्याआधी: धातूची तपासणी

भिंग घ्या. जळगावच्या सराफ बाजारात ओळखीचा सोनार असेल तर दहापट मोठे दाखवणारे भिंग तासभर मागून आणा, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा झूम करून काम भागते. मऊ फडके आणि छोटी टॉर्च. बॅग दिवसाउजेडी, खिडकीशी बसून बघा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत इकडचे ऊन असे असते की सकाळीच उरकावे लागते, आणि विकणारे संध्याकाळी या म्हणतात. जाऊ नका. पिवळ्या दिव्याखाली सगळा मुलामा सारखाच दिसतो.

आता कुलुपाची मागची बाजू. गेल्या आखाजीला लेकीसाठी शनेलची जुनी बॅग घेताना साखळी, चेन, पुढचा शिक्का सगळे पाहिले आणि झाकण उलटून पाहायचे तेवढे राहिले. पैसे त्यातच गेले. झाकण उघडा, उलटे करा, आतली पट्टी बघा. शनेलच्या क्लासिक बॅगेत त्या पट्टीवर एका बाजूला शनेल, दुसऱ्या बाजूला पॅरिस अशी रोमन अक्षरे ठसठशीत उठलेली असतात आणि स्क्रूची खाच एकतर सरळ एका रेघेची किंवा ताऱ्यासारखी असते. अधिकाच्या खुणेची खाच दिसली की बॅग खाली ठेवा आणि उठा. नकली करणारा पुढच्या बाजूवर जीव ओततो, कारण गिऱ्हाईक तेवढेच बघते. म्हणून मागची बाजू आधी.

शनेलच्या कुलपाच्या पुढच्या बाजूला दोन सी एकमेकांत गुंतलेले असतात. वरच्या सांध्यात उजवा सी डाव्याच्या अंगावरून जातो, खालच्या सांध्यात डावा उजव्यावरून. उलटे असेल तर बोलणेच नको. लुई व्हिटॉनच्या रिव्हेटवर, म्हणजे धातूच्या खिळ्याच्या डोक्यावर, नाव कोरलेले असते. भिंगाखाली अक्षरांच्या कडा धारदार हव्यात, वितळल्यासारख्या गोल नकोत. हर्मीसच्या नावात दुसऱ्या ई वर तिरकी मात्रा असते, ती आहे का बघा. हर्मीसच्याच बर्किन बॅगेच्या कुलपावरचा आकडा किल्ल्यांवरही तोच हवा. प्राडाच्या आर अक्षराचा उजवा पाय वरच्या गोलाला मिळतो तिथे बारीक फट असते.

चेनवर वायकेके दिसले म्हणून नकली समजू नका, बड्या कंपन्याही ती वापरतात; लांपो आणि रीरी या कंपन्यांच्या चेनही चालतात. बॅग जड आहे म्हणून खरी, हेही सोडून द्या. लोहचुंबकाचा फार उपयोग नाही. पितळ चिकटत नाही, तसा नकली बॅगेतला जस्ताचा मिश्रधातूही चिकटत नाही, आणि खऱ्या बॅगेच्या हुकातली पोलादी स्प्रिंग मात्र चिकटते.

एक गोष्ट कळकळीने सांगते: बॅगेची कडी कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. सोनार हौसेने म्हणेल, ‘ताई, कस लावून बघू.’ शनेलच्या साधारण २००८ पर्यंतच्या बॅगांवर २४ कॅरेटचा मुलामा आहे, पण तो मुलामाच; दगडावर निघून जाईल आणि खरी बॅगही खराब होईल.

बॅग सुरतेहून किंवा मुंबईहून येणार असेल तर फोटो मागवा. चार सुंदर फोटो आपणहून येतील, त्यात मागची पट्टी नसेल. तीच मागा, स्क्रू स्पष्ट दिसतील इतक्या जवळून. ‘झाकण नीट उघडत नाही’ असे उत्तर आले तर विषय बंद. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणजे नकलीच.

डबा, धूळपिशवी, कार्ड यांवर भरवसा नको, तेही नकली मिळते. बिल मागा. ॲडव्हान्स देऊ नका. बॅग हातात आली की पुन्हा झाकण उलटा, फोटोतले स्क्रू तेच आहेत ना ते बघा, मग पैसे.