खाणीतली वाट तपासायची तर आधी पाणी बघा

भूमिगत कोळसा खाणीत वाट आणि पाणी या दोन वेगळ्या तपासण्या नाहीत. स्लीपर उचलले गेले, एसडीएलची (कोळसा भरणाऱ्या यंत्राची) चाकं रुतायला लागली, पिलरची (छताला आधार म्हणून सोडलेल्या कोळशाच्या खांबाची) कड सुटली, की कारण शोधत गेल्यावर बहुतेक वेळा एखादी तुंबलेली नालीच सापडते.

मी चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात ओव्हरमन, म्हणजे सरदारांच्या वरचा पर्यवेक्षक होतो. सरदारकीचं (पाळीत खाणीच्या एका भागाची सुरक्षा बघायचं) सर्टिफिकेट घेऊन नव्याने उतरणाऱ्या मुलांसाठी हे लिहितोय. आमच्याकडे कोळसा बराकर थरांत आणि त्याच्या डोक्यावर कामठीचा पाणीदार वालुकाश्म. त्यामुळे खाणीत पाणी आहे, ही काही बातमी नाही. ते कालच्यापेक्षा वाढलं का, गढूळ झालं का, नव्या जागेतून यायला लागलं का, हे कळणं महत्त्वाचं. राउंड त्याच्यासाठी मारायचा.

उतरण्याआधी मागच्या पाळीचा रिपोर्ट वाचा. पंप किती तास चालले, वीज किती वेळ गेली होती, संपची (पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्याची) पातळी कुठे होती, हे बघा. मग त्या पाळीच्या सरदाराला गाठून दोन मिनिटं तोंडी बोला. कागदावर न आलेल्या गोष्टी तिथे कळतात.

वाटेत पहिली नजर छताकडे. सपोर्ट असलेल्या छताखाली उभं राहून पुढचं छत लाठीने ठोका. हात पोचत असेल तर दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवा. भरीव छत ठणकतं. सुटलेला थर भद्द वाजतो आणि बोटांखाली थरथरतो. पाण्याचा आवाज, बेल्टचा आवाज असेल तेव्हा कानापेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. रूफ बोल्टच्या (छत धरून ठेवायला त्यात ठोकलेल्या सळईच्या) शेपटीतून नव्याने थेंब पडत असतील तर तिथे थांबाच. वरच्या थरात फट पडून पाणी बोल्टच्या भोकातून वाट काढत असण्याची शक्यता असते. प्लेट वाकली आहे का, सैल झाली आहे का, गंज किती आहे ते बघा आणि आजूबाजूचे बोल्टही तपासा. शंका आली की कुंपण घाला, मग पुढे जा.

माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेची उंची किमान १.८ मीटर हवी. फ्लोअर फुगून वर आला की ती नकळत कमी होते. छत जागच्या जागी असतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ठराविक जागांवर साइडला चुन्याची खूण करून ठेवा आणि तिथेच मोजत जा. हॉलेजच्या (दोराने कोळशाच्या गाड्या ओढायच्या) वाटेवर चिखलात बुडालेले स्लीपर, सैल फिशप्लेट, न फिरणारे रोलर बघा. मॅनहोलमध्ये (वाटेच्या भिंतीतल्या खोबणीत) पाणी किंवा सामान साठलेलं नको, कारण गाडी सुटली तर आसरा तेवढाच. स्टोन डस्ट (कोळशाच्या धुळीचा स्फोट पसरू नये म्हणून मारलेली दगडाची भुकटी) ओली होऊन पापुद्रा धरला असेल तर ती स्फोटाच्या वेळी उडणार नाही, म्हणजे तिचा उपयोग संपला. तसंही नोंदवा.

आता नाली. ती उताराच्या बाजूला, पण पिलरच्या पायथ्यापासून थोडी दूर हवी. घाईत पायथ्याला चिकटून खणलेली नाली पिलरचा तळ भिजवते. पाणी खरंच वाहतंय का हे बघायला चिमूटभर कोळशाची भुकटी टाका. ती जिथे थबकेल तिथे गाळ बसलाय. नालीच्या तोंडाशी बादली आणि घड्याळ घेऊन प्रवाह मोजा. १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर, म्हणजे दिवसाला ४३ हजार लिटरच्या वर. नुसत्या नजरेला ती धार किरकोळ वाटते.

संपपाशी पंप चालू आहे एवढ्यावर समाधान मानू नका. डिलिव्हरी पाइपच्या जोडापाशी चालत जा. फ्लँजमधून गळलेलं पाणी उतरून परत संपातच येत असेल तर पंप तेच पाणी फिरवत बसतो आणि तासांचा हिशोब मात्र चोख दिसतो. फूट व्हॉल्व्हच्या (पंपाच्या ओढपाइपच्या तळाच्या झडपेच्या) जाळीत गाळ आणि पोत्याचे धागे अडकतात, ती बाहेर काढून साफ करवून घ्या. राखीव पंप चालवून बघा. केबल पाण्यात पडली असेल तर हात लावू नका, वीज बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. वीज गेल्यानंतर पंप पुन्हा सुरू करण्याआधी मिथेन तपासा. १.२५ टक्क्याला पोचला तर वीज बंदच राहील.

डिपला (उताराच्या खालच्या बाजूला) साचलेल्या पाण्यात लाठीने चाचपल्याशिवाय पाय घालू नका. पाणी छताला टेकलं तर हवेची वाट बंद होते आणि तळाशी ऑक्सिजन कमी असलेली हवा साचते. सेफ्टी लॅम्पची ज्योत मंदावली की मागे फिरा. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर पाणी ढवळू नका. त्यात विरघळलेला वायू बाहेर येतो, आणि थोड्या वेळाने वास येईनासा झाला तरी वायू तिथेच असतो.

जुन्या कामाकडच्या (आधी खणून सोडलेल्या भागाकडच्या) फेसवर, म्हणजे कोळसा कापायच्या भिंतीवर, कोळशाला नवा घाम सुटला, तांबूस पाणी आलं, भेगेतून फुसफुस ऐकू आली, किंवा पाणी अडवणाऱ्या स्टॉपिंगवर (बांधलेल्या भिंतीवर) ओला डाग पसरला, तर आधी माणसं बाहेर काढा आणि मग मॅनेजरला कळवा. माणसं काढायचा अधिकार सरदाराला आहे आणि ती त्याची जबाबदारीही आहे. उत्पादन थांबेल म्हणून कोणी कुरकुर केली तरी ऐकू नका. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाळ्यात साठलेलं पाणी खाणीत घुसलं आणि ३७५ माणसं गेली.

पावसाळ्यात वरचीही फेरी हवी. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात खाली पिलर काढलेल्या जागी जमीन खचून फटी वाढतात. जूनच्या आत त्या माती-मुरूम दाबून बुजवायच्या आणि नाल्याचं पाणी बाजूने वळवायचं. खाणीचं तोंड पुराच्या सर्वांत उंच रेषेपेक्षा किमान १.५ मीटर वर लागतं, त्या रेषेची खूण प्रत्यक्ष जाऊन बघा. १९९५ च्या सप्टेंबरात धनबादकडच्याच गजलीटांडला कतरी नदीचं पाणी खाणीत शिरून ६४ कामगार गेले.

रिपोर्टमध्ये ‘सर्व ठीक’ लिहू नका. असं लिहा: ‘३ डिप, ७ लेव्हल नॉर्थ, दोन बोल्टमधून नवी ठिबक, पाणी स्वच्छ, १५ लिटरला ४ मिनिटं, कुंपण घातलं, ओव्हरमनला ११.२० ला कळवलं.’ पुढच्या पाळीचा सरदार भेटला की शक्य असेल तर त्याला ती जागा प्रत्यक्ष नेऊन दाखवा.