रिटेलमध्ये नवे आहात? जीडीपीच्या आधी हे आकडे बघा

उदयोन्मुख बाजारपेठेत (तुर्की, ब्राझीलसारख्या देशांत) रिटेल प्लॅनिंगला लागलेला नवखा माणूस सहसा जीडीपी घेऊन बसतो. तो आकडा तिमाही उलटून गेल्यावर येतो, मग सुधारलाही जातो. तोवर तुमची पुढची ऑर्डर गेलेली असते. त्यापेक्षा महागाई, विनिमय दर आणि व्याजदर आपल्या हिशेबात कुठून शिरतात ते शोधा.

आधी विक्रीवाढीतून भाववाढ बाजूला काढा. विक्री १२ टक्के वाढली आणि भाव ९ टक्के, तर खरी वाढ ३ नव्हे, २.७५ टक्के (१.१२ भागिले १.०९). इथे फरक किरकोळ आहे. पण तुर्कीत ऑक्टोबर २०२२ मध्ये वार्षिक महागाई ८५ टक्क्यांवर होती. भाव तेवढेच चढलेल्या दुकानाची विक्री ७० टक्के वाढली, तरी माल ८ टक्के कमीच खपला. वजाबाकी करणारा मात्र १५ टक्के घट सांगेल. भाववाढ स्वतःच्या मालाची काढा: दोन्ही वर्षी विकलेले एसकेयू (प्रत्येक वेगळी वस्तू, तिचा प्रत्येक पॅक वेगळा धरून) घ्या, नग गेल्या वर्षीचे धरा, दोन्ही वर्षांच्या भावांनी गुणा आणि बेरजा ताडून बघा. सरकारी निर्देशांकात घरभाडं आणि प्रवासही असतो, तो तुमच्या फळीवर नसतो.

अशा देशांत घरखर्चात अन्नाचा वाटा मोठा. अन्न भडकलं की कपडे, इलेक्ट्रॉनिक्स यांना आधी कात्री लागते आणि रोजच्या वस्तूंत गिऱ्हाईक छोट्या पॅककडे वळतं. मग रिपोर्टात नग वाढलेले दिसतात आणि मीटिंगमध्ये सगळे खूश! किलो-लिटरमध्ये मोजा, घट लगेच दिसेल.

सगळ्यात जास्त घोळ चलनात होतो. चलन १५ टक्के घसरलं की डॉलर १५ नाही, १७.६ टक्के महागतो (१ भागिले ०.८५). समजा विक्री १००, मालाची किंमत ७० आणि त्यातली ४२ डॉलरमध्ये. घसरणीनंतर तोच माल ७७.४ ला पडतो. भाव न वाढवल्यास ढोबळ नफा ३० वरून २२.६ वर येतो. ३० टक्के टिकवायला भाव ११०.६ करावा लागतो. जुना साठा असेपर्यंत हिशेबात नफा उत्तम दिसतो, हीच फसगत. त्या पैशात तेवढाच माल परत भरता येत नाही. म्हणून भाव ठरवताना खरेदीची जुनी किंमत नको, आज ऑर्डर दिली तर पडेल ती धरा.

व्याजाचा मार साठ्यातून बसतो. ब्राझीलमध्ये मार्च २०२१ च्या सुरुवातीला २ टक्के असलेला धोरण दर (मध्यवर्ती बँक ठरवते तो व्याजदर) ऑगस्ट २०२२ पर्यंत १३.७५ वर गेला. आता तुमच्या दुकानाचं बघा: समजा साठा ७५ दिवस पडून असतो, गिऱ्हाइकाकडून येणी १० दिवसांनी येतात आणि पुरवठादाराची उधारी ४५ दिवसांची. म्हणजे ७५ अधिक १० वजा ४५, ४० दिवसांचा पैसा तुमचा अडकलेला. ९ टक्के दराने मालाच्या किमतीवर सुमारे १ टक्का व्याज. दर १३ झाला, मागणी मंदावून साठा १०० दिवसांवर गेला, की तेच २.३ टक्के. वाढीचा मोठा भाग दिवसांमुळे आहे, दरामुळे नाही. बँकेशी घासाघीस नंतर, आधी मंद एसकेयूंच्या ऑर्डर थांबवा. पुरवठादारही त्याच व्याजात अडकलेला असतो, तो ४५ चे ३० दिवस मागणारच. कॅश फ्लोमध्ये ते आधीच धरून ठेवा.