सुई टोचल्यानंतरचे चोवीस तास

इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्रपाळीला एका रुग्णाचे रक्त काढून झाल्यावर मी सवयीने सुईला टोपण लावू गेलो आणि ती हातमोज्यातून तर्जनीत शिरली. वापरलेल्या सुईला टोपण लावायचे नाही, हे परीक्षेत मी अचूक लिहिले असते. रुग्णाच्या केसपेपरवर हिपॅटायटिस बी बाधित असल्याची नोंद होती. मी बोट पिळू लागलो, तेव्हा सिस्टरांनी हात धरून नळाखाली नेला. जखम पिळायची नसते, साबण-पाण्याने धुवायची असते.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारले, "लशीचे डोस किती? टायटर किती?" दोन डोस झाले होते, तिसरा राहिला होता आणि टायटर, म्हणजे रक्तातल्या संरक्षक प्रतिपिंडांचे प्रमाण, कधी तपासलाच नव्हता. तिन्ही डोस पूर्ण असते आणि नंतरच्या तपासणीत टायटर १० किंवा अधिक आला असता, तर त्या रात्री मला कोणतेच इंजेक्शन लागले नसते. मित्रांना मात्र चिंता होती ती एचआयव्हीची. बाधित सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, तर हिपॅटायटिस बीच्या बाबतीत लस न घेतलेल्याला ती ६ ते ३० टक्के सांगितली जाते.

मला मात्र लस आणि इम्युनोग्लोब्युलिन ही दोन्ही इंजेक्शने लागणार होती. लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते, पण त्याला काही आठवडे लागतात. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे भरपूर प्रतिपिंडे असलेल्या दात्यांच्या रक्तद्रवातून मिळवलेली तयार प्रतिपिंडे. ती लगेच कामाला लागतात आणि काही महिन्यांत ओसरतात. म्हणून दोन्ही एकाच वेळी, पण वेगवेगळ्या जागी टोचतात. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा किलोमागे ०.०६ मिलिलिटर, म्हणजे माझ्या ५८ किलोंना सुमारे साडेतीन मिलिलिटर. ते शक्यतो २४ तासांत घ्यावे, कारण सात दिवसांनंतर उपयोग होतो याचा पुरावा नाही. आमच्या स्टोअरमध्ये ते नव्हते. मित्राने तीन मेडिकल पालथी घालून ते बर्फाच्या डब्यातून आणले, तोवर पहाट झाली होती. तुमच्याकडे ते रात्री कुठे मिळते, हे रुजू झाल्याच दिवशी विचारून ठेवा.

टोचून घेतल्यावर लगेच टायटर तपासण्याचा मोह होतो, पण तेव्हा उसनी प्रतिपिंडेच दिसतात, म्हणून सहा महिने थांबावे लागते. लशीचे दोन पूर्ण कोर्स घेऊनही टायटर १० च्या खाली राहणाऱ्यांना अशा प्रसंगी इम्युनोग्लोब्युलिनच्या दोन मात्रा महिन्याच्या अंतराने देतात. आपण त्यांपैकी आहोत का, हे सुई टोचल्यावर मध्यरात्री कळणार नाही, त्यासाठी तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासलेले असावे लागते.