शेजाऱ्यांना उपासनेचे निमंत्रण देताना

नाताळच्या उपासनेला इतर धर्मांच्या शेजाऱ्यांना बोलवायचे असेल, तर निमंत्रण छापील पत्रिकेवर न सोपवता घरी जाऊन द्यावे आणि कार्यक्रमात काय काय होईल, किती वेळ लागेल, हेही तेव्हाच सांगावे. पाहुणे आल्यावर त्यांना वेगळ्या रांगेत न बसवता कुटुंबात सामावून घ्यावे. शेजारी बसणाऱ्याने गीतांच्या पुस्तकाचे पान उघडून द्यावे आणि मंडळी प्रार्थनेसाठी उभी राहणार असेल, तर त्याआधी हळूच सूचना द्यावी, कारण नवख्या माणसाला खरा संकोच वाटतो तो इथेच. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, असल्यास ते कोणासाठी आहे, हे पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) आधीच सौम्य शब्दांत स्पष्ट करावे, म्हणजे भाकर आणि प्याला समोर आल्यावर कोणाची अडचण होणार नाही. जेवणात शाकाहारी पदार्थ वेगळे ठेवावेत. पंगत मात्र एकच असावी.

विश्वासाविषयी कोणी विचारले, तर आपला अनुभव थोडक्यात सांगून समोरच्याचेही ऐकावे. मदतीच्या बदल्यात धर्मांतराची अपेक्षा ठेवणे तर सर्वस्वी गैरच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची गोष्ट अभंग आणि कीर्तनातून सांगितली, आणि १९१७ मध्ये स्थापलेल्या ‘देवाचा दरबार’ या भक्तसंघात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले. टाळ-मृदंगाच्या साथीने एखादा अभंग कार्यक्रमात जरूर घ्यावा. माझ्या मते तो लांबलचक प्रवचनापेक्षा अधिक जवळचा वाटतो.