गीझर ठीक, सॉकेट खात होतं वीज

ऐरोलीतल्या आमच्या घरी गीझर २००० वॅटचा, पण पाणी तापायला फार वेळ. कॉइल गेली, नवीन टाका, असं जो तो म्हणायचा. मला आधी आकडे हवे होते.

इलेक्ट्रिशियनकाकांनी गीझर चालू ठेवून मोजलं: मेन बोर्डवर २३१ व्होल्ट, गीझरच्या टर्मिनलवर २११, क्लॅम्प मीटरवर करंट ८ अँपिअर. (चालू लाइनवरचं काम, जाणकारानेच करावं.) २११ भागिले ८ म्हणजे साधारण २६.४ ओहम. २३० व्होल्टला २००० वॅटच्या कॉइलचा रोध तेवढाच यायला हवा. कॉइल निर्दोष! तिला मिळत होते २११ × ८ = १६८८ वॅट.

मग मधले २० व्होल्ट? २० ÷ ८ = २.५ ओहम, इतका रोध धड वायरिंगला नसतो. आणि २० × ८ = १६० वॅट, म्हणजे वाटेत कुठेतरी चांगल्या सोल्डरिंग गनइतकी उष्णता. एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा मेन बोर्डवरचा स्विच) पाडून सॉकेट उघडलं तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला, वायर काळी, प्लास्टिक वितळलेलं. एमसीबी पडणार तरी कशी, करंट उलट कमीच झाला होता.

जळकं टोक कापलं, नवं १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं. आता गीझरवर २२९ व्होल्ट, ८.७ अँपिअर.