तारीख नसलेल्या कॅसेटींवरून रेडिओ स्टेशनचा इतिहास कसा जुळवावा: लंडनची एलबीसी

लंडनमध्ये मी बावीस वर्षं मिनीकॅब चालवली आणि बहुतेक रात्री सोबतीला एलबीसी असायची. गाणी जवळजवळ नाहीतच. बातम्या, रस्त्यांची खबर आणि लोकांचे फोन. साताऱ्याहून आलो तेव्हा जाहिरातींचा रेडिओ म्हणजे विविध भारती एवढंच मला ठाऊक होतं. जाहिरातींवर चालणारं स्टेशन दिवसरात्र नुसतं बोलत राहतं, हे पाहून मी थक्क झालो होतो. इंग्रजी कानावर पडावं म्हणून घरी रेकॉर्ड करून ठेवायला लागलो. बुटांच्या दोन खोक्यांत त्रेसष्ट कॅसेटी साठल्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्या आधारानं या स्टेशनचा इतिहास लिहायला बसलो. तुमच्याही माळ्यावर असं एखादं खोकं असेल, तर माझी पद्धत उपयोगी पडेल.

कॅसेटींना हात लावण्याआधी कागदावर सांगाडा उभा करा. मोठी वही घ्या आणि वर्षापुढे चार रकाने आखा: परवाना कोणाकडे, हवेवर नाव काय, लहर कोणती, पत्ता कुठला. या चार गोष्टी एकच आहेत असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. एलबीसीच्या बाबतीत मी महिनाभर फसलो होतो.

पहिली नोंद सोपी आहे. 8 ऑक्टोबर 1973, सकाळी सहा. तोवर ब्रिटनच्या भूमीवरून कायदेशीर रेडिओ म्हणजे बीबीसी. समुद्रातल्या जहाजांवरून गाणी वाजवणाऱ्या चोरट्या स्टेशनांना 1967 च्या कायद्यानं आळा बसला, आणि 1972 च्या कायद्यानं जाहिरातींवर चालणाऱ्या स्थानिक स्टेशनांना वाट मिळाली. लंडनसाठी दोन परवाने होते: बातम्यांचा एलबीसीला, करमणुकीचा कॅपिटलला. कॅपिटल सुरू झालं 16 ऑक्टोबरला, म्हणजे एलबीसी आठ दिवसांनी थोरली. देशभरातल्या नव्या स्टेशनांना बातम्या पुरवणारी आयआरएन ही संस्थाही तिच्याच घरातली. पुढे टीव्हीवर नाव कमावलेल्या जॉन स्नो यांनी 1973 मध्ये इथेच बातमीदारी सुरू केली.

गुंता पुढे आहे. 1989 मध्ये स्टेशनचे दोन तुकडे झाले: एफएमवर ‘एलबीसी क्राउन एफएम’, मीडियम वेव्हवर ‘लंडन टॉकबॅक रेडिओ’. 1993 मध्ये परवाने देणाऱ्या रेडिओ ऑथॉरिटीनं परवाना दुसऱ्यांना देऊन टाकला आणि 1994 मध्ये एलबीसी हे नावच हवेवरून गेलं. 1996 मध्ये ते परत आलं, पण फक्त मीडियम वेव्हच्या 1152 वर. एफएमच्या 97.3 वर परतायला 2003 उजाडलं. 2007 मध्ये स्टेशन ग्लोबल कंपनीकडे गेलं आणि 2014 मध्ये डिजिटल रेडिओवरून देशभर पोचलं. आता सांगा, ‘एलबीसी सलग 1973 पासून चालू आहे’ हे वाक्य खरं की खोटं? चार रकाने भरल्याशिवाय उत्तर देता येत नाही. माझं मत, नाव आणि आवाज यांना प्रमाण मानावं. ऐकणाऱ्यासाठी स्टेशन म्हणजे तेच.

कागद कुठे मिळतील? रेडिओ ऑथॉरिटीच्या आधी परवाने देणाऱ्या आयबीए या संस्थेची दरवर्षी निघणारी टीव्ही-रेडिओची पुस्तिका जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळते. आयबीएची कागदपत्रं बोर्नमथ विद्यापीठात आहेत. एलबीसी-आयआरएनच्या हजारो जुन्या फिती त्याच विद्यापीठानं डिजिटल करून घेतल्या. जुनी वर्तमानपत्रं सेंट पँक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचता येतात. बीबीसीचं जीनोम हे कार्यक्रमांचं सूचिपत्र उत्तम आहे, पण ते बीबीसीपुरतंच, तिथे एलबीसी शोधण्यात वेळ घालवू नका.

आणि पत्त्याचा रकाना पायी जाऊन भरा. सुरुवातीचा एलबीसीचा पत्ता फ्लीट स्ट्रीटमागचा गफ स्क्वेअर. याच चौकातल्या घरात डॉ. जॉन्सन यांनी 1755 चा तो प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश रचला. समोर त्यांच्या हॉज या मांजराचा पुतळा आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की इथे मुलाखतीला येणारा पुढारी शेवटचं अंतर चालतच येत असणार, हे उभं राहिल्यावर कळतं. वर्तमानपत्रांच्या गल्लीत बातम्यांचं स्टेशन का थाटलं, हेही.

आता कॅसेटी. सगळ्यात आधी कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या खुंट्या मोडा, म्हणजे चुकूनही वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग आतली फेल्टची गादी जागेवर आहे ना ते पाहा. ती गळली असेल तर आवाज दबका येतो आणि लोकांना वाटतं कॅसेटच बाद झाली. एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या आणि मगच वाजवा. डिजिटल करताना डब्ल्यूएव्ही फाइल ठेवा, एमपी3 फक्त ऐकण्यासाठी. मी पहिल्या दहा कॅसेटी एका दुकानात दिल्या होत्या. परत आल्या तेव्हा डब्या आणि कॅसेटी यांची अदलाबदल झालेली, आणि माझ्या तारखा होत्या डब्यांवर. दहा रात्रींचा पत्ता हरवला. त्या दिवसापासून मी बाहेर काही दिलं नाही. तुम्हीही आधी कॅसेटवरच क्रमांक घाला, डबीवर नको.

पण त्या दहा कॅसेटींनीच मला तारीख काढायला शिकवलं. सूत्र एकच: कार्यक्रमाकडे नंतर, जाहिरातींकडे आधी कान द्या. जाहिरातीत फोन नंबर म्हणतात आणि लंडनचा कोड बदलत गेला आहे. 01 ऐकू आलं तर मे 1990 च्या आधीचं. 071 किंवा 081 असेल तर 1990 ते 1995. 0171, 0181 असेल तर बहुधा 1995 ते 2000. 020 त्यानंतरचं. दुसरी खूण स्टेशनच्या ओळखीची. निवेदक लहर मीटरमध्ये सांगत असेल आणि 417 म्हणत असेल तर 1975 च्या आधीचं, कारण त्या वर्षी स्टेशन 261 वर गेलं. तिसरी खूण आवाजांची. सकाळच्या ‘एएम’ कार्यक्रमात डग्लस कॅमेरून आणि बॉब होलनेस जोडीनं असतील तर 1975 ते 1985.

एका कॅसेटवर माझ्या अक्षरात फक्त ‘युद्ध’ लिहिलेलं होतं. फोनवर एक बाई. मुलगा जहाजावर आहे, पत्र नाही, टीव्ही बंद करून ठेवलाय, म्हणते. देशाचं नाव एकदाही येत नाही. 1982 चं फॉकलंड की 1991 चं आखात? मी चार वेळा ऐकली. शेवटी तिच्या फोननंतर गालिचाच्या दुकानाची जाहिरात लागली आणि नंबर सुरू झाला: ‘ओह वन’. म्हणजे 1982. फॉकलंडचं युद्ध एप्रिल ते जूनचं, म्हणजे त्या बाईचा मुलगा दक्षिण अटलांटिकात होता. निवेदक तिला मध्ये तोडत नाही. अकरा सेकंद नुसती शांतता आहे, मी मोजली. टॉक रेडिओत अकरा सेकंद म्हणजे फार. हे कुठल्याच पुस्तिकेत सापडणार नाही, म्हणून तुमच्या इतिहासात अशा जागा शब्दश: उतरवा, शांततेसकट.

ऐकणाऱ्यांशीही बोला. ‘काय आठवतं?’ असं विचारलं की लोक गप्प होतात. ‘रेडिओ घरात कुठे ठेवलेला असायचा?’ असं विचारा. आमच्या मंडळातल्या एका काकूंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, “फ्रिजवर. हात पुरायचा नाही, म्हणून मग स्टेशन बदलायचं राहूनच जायचं.” तिथून पुढे त्या तासभर बोलल्या: दिवाळीची चकली तळताना एलबीसीवर लोकांचे फोन घेणारे निवेदक ब्रायन हेज कुणावर कसे कडाडले होते, इथपर्यंत. मीही तेव्हा त्यांना बिचकूनच ऐकायचो, फोन करायचा धीर कधी झाला नाही.

एक काळजी घ्या. घरी रेकॉर्ड केलेला आवाज आपल्या मालकीचा नसतो, तो परवानगीशिवाय इंटरनेटवर टाकू नका. आणि फोन करणाऱ्यांची नावं वगळा. त्या आईनं आपलं नाव आणि वस्ती दोन्ही सांगितली होती. माझ्या वहीत तिथे ‘दक्षिण लंडनमधली एक आई’ एवढंच आहे, आणि पुढे कंसात: 01, 261 मीटर, अकरा सेकंद.