100 एमबीपीएसची लाइन आणि 100 एमबीची फाइल: बिट-बाइटचा हिशोब कसा करायचा

100 एमबीपीएसच्या लाइनवर 100 एमबीची फाइल एका सेकंदात उतरायला हवी, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात आठ सेकंद लागतात, बऱ्याचदा त्याहून जास्त. यात कुणाची लबाडी नाही. लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट), फाइल बाइटमध्ये मोजतात (एमबी म्हणजे मेगाबाइट), आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. हा आठचा आकडा डोक्यात पक्का बसला की निम्म्याहून जास्त घोळ मिटतो.

पहिलं काम: एकक ओळखा

इंग्रजी अक्षरांत लिहिताना बिटसाठी लहान 'बी' आणि बाइटसाठी कॅपिटल 'बी' वापरतात. बोलताना मात्र दोन्हीचं 'एमबी'च होतं, आणि देवनागरीत तर फरक दाखवायला जागाच नाही. म्हणून हिशोबाच्या कागदावर पूर्ण शब्द लिहायची सवय लावा: मेगाबिट की मेगाबाइट. फायबरचा प्लॅन, राउटरचं खोकं, स्पीड टेस्ट यांवरचे आकडे बिटचे असतात. मेमरी कार्ड, मोबाइलचा रोजचा डेटा आणि फाइलचा आकार बाइटमध्ये असतो. ब्राउझरमध्ये डाउनलोड चालू असताना दिसणारा वेगही बहुधा बाइटचाच, त्यामुळे 100 च्या लाइनवर तिथे 11-12 दिसले तरी घाबरू नका.

मग दोन्ही एकाच एककात आणा आणि भागा

समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका स्टुडिओनं लग्नाचं शूटिंग केलंय. 64 जीबीचं कार्ड गच्च भरलंय आणि एडिटर बसलाय पुण्यात. अपलोडचा वेग 100 मेगाबिट. हिशोब असा मांडा:

64 गीगाबाइट × 1000 = 64,000 मेगाबाइट
64,000 × 8 = 5,12,000 मेगाबिट
5,12,000 ÷ 100 = 5,120 सेकंद, म्हणजे साधारण 85 मिनिटं

हा झाला कागदावरचा वेळ. लाइनवरून नुसती फाइल जात नाही. तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याबरोबर पत्ता, तपासणीचे आकडे वगैरे जातात. इथरनेटवर नेहमीच्या हिशोबात तारेवरची 1,538 बाइटची जागा खर्च होते, तेव्हा फाइलचे 1,460 बाइट पलीकडे पोचतात. म्हणजे पाच टक्के इथेच गेले. वायफायवर आणि संध्याकाळच्या गर्दीत गळती आणखी वाढते. म्हणून अंदाज करताना मी आठनं नाही, सरळ दहानं भागतो: 100 मेगाबिट म्हणजे सेकंदाला 10 मेगाबाइट. या हिशोबानं 64 जीबीला 6,400 सेकंद लागतील. गिऱ्हाइकाला पावणेदोन तास सांगा. आणि सांगायच्या आधी स्पीड टेस्टमधला अपलोडचा आकडा बघून घ्या. पुष्कळ प्लॅनमध्ये तो डाउनलोडपेक्षा कमी असतो.

आता हाच हिशोब उलटा करून बघा, मजा येते. सगळ्या हंगामाचं शूटिंग 2 टीबीच्या, म्हणजे 2,000 जीबीच्या हार्ड डिस्कवर आहे. ते 100 मेगाबिटच्या लाइनवरून पाठवायचं तर 1,60,000 सेकंद, म्हणजे 44 तासांहून जास्त वेळ लागेल. तीच डिस्क घेऊन कुणी कोल्हापूरच्या स्टँडवर एसटीत बसला आणि पाच तासांत पुण्यात उतरला तर? 1,60,00,000 मेगाबिट भागिले 18,000 सेकंद, म्हणजे सुमारे 890 एमबीपीएस! आधी डिस्कवर कॉपी करायला सेकंदाला 100 मेगाबाइटनं साडेपाच तास लागले असं धरलं, तरी एसटीच पुढे राहते. 64 जीबीसाठी मात्र लाइनच बरी.

मोबाइलच्या पॅकचं गणित

रोजचा 1.5 जीबी म्हणजे 12,000 मेगाबिट. 40 एमबीपीएसचा वेग मिळाला तर तो 300 सेकंदांत संपतो. दिवसाचा डेटा पाच मिनिटांत! कोटा संपल्यावर पुष्कळ प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट. 5 एमबीचा एक फोटो पाठवायला दहा मिनिटांच्या वर लागतात. 64 किलोबिट हा डिजिटल टेलिफोनवरच्या एका कॉलचा जुना मापदंड आहे: आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने, प्रत्येकी 8 बिट. असे 32 मार्ग एकत्र केले की 2,048 किलोबिटची 'ई-वन' नावाची टेलिफोनची लाइन होते. ती 2.048 मेगाबिटची म्हणतात, कारण टेलिकॉममध्ये किलो म्हणजे 1,000 आणि मेगा म्हणजे दहा लाखच.

1,000 की 1,024?

किलो म्हणजे 1,000 की 1,024, हा प्रश्न फक्त साठवणुकीत येतो. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या तोळ्यासारखा प्रकार आहे: जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आज बोलण्यातला 10 ग्रॅमचा, नाव मात्र एकच. डिस्क बनवणारा जीबी म्हणतो तेव्हा 100 कोटी बाइट धरतो. विंडोज तेच नाव वापरतं आणि 1,024 × 1,024 × 1,024 नं भागतं. म्हणून 1 टीबीची डिस्क तिथे 931 जीबी दिसते आणि 500 ची 465. मॅकवर 2009 पासून दहाच्या पटीत मोजतात, तिथे 1 टीबी पुरता दिसतो. 1,024 वाल्या मापांना 1998 मध्ये किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली गेली, पण दुकानात ती कुणी वापरत नाही. फरक पायरीगणिक वाढतो: किलोला 2.4 टक्के, मेगाला जवळपास 5, गीगाला 7.4 आणि टेराला जवळपास 10. वेळेच्या अंदाजात मी 1,024 कडे बघतही नाही. दहानं भागल्यावर एवढी उणीव बरीचशी झाकली जाते.

कार्ड घेताना मात्र बघा. खोक्यावरच्या जीबीला 0.931 नं गुणा. 64 चं कार्ड विंडोजवर 59.6 च्या आसपास दिसलं तर ते बरोबर आहे, दुकानदाराशी भांडू नका. पण आकडा बरोबर दिसला म्हणून कार्ड अस्सल ठरत नाही. नकली कार्ड 59.6 दाखवतं आणि मधेच फायली खराब करायला लागतं. लग्नाच्या आदल्या दिवशी एकदा ते शेवटपर्यंत भरा आणि सगळ्या फायली उघडून बघा.